न पाडता पडलेली छिद्रं : पाणी गाळणारं मेंब्रेन कसं बनतं

पाण्याच्या प्युरिफायरमध्ये ‘यूएफ’ (अल्ट्राफिल्ट्रेशन, म्हणजे अतिसूक्ष्म गाळण) लिहिलेलं एक नळकांडं असतं. ते कापून उघडलं तर आतून पांढऱ्याशुभ्र, लवचिक, बारीक नळ्यांचा जुडगा निघतो. नळीची भिंत, म्हणजेच गाळणारं मेंब्रेन, बोटाला गुळगुळीत लागते, डोळ्याला एकसंध दिसते. प्रत्यक्षात त्या भिंतीचा बहुतांश भाग रिकामा असतो. पाणी ज्या सगळ्यात अरुंद वाटांमधून पलीकडे जातं, त्यांची रुंदी साधारण १० ते १०० नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. ई. कोलाय हा जिवाणू जवळपास २००० नॅनोमीटर लांब असतो, त्यामुळे तो अडतो. पोलिओचा विषाणू ३० नॅनोमीटरच्या आसपास असतो. तो अडेल की नाही हे मेंब्रेन कोणतं आहे त्यावर ठरतं. पाण्यात विरघळलेलं मीठ मात्र सहज पार जातं, म्हणून नुसत्या यूएफने बोअरचं खारं पाणी गोडं होत नाही.

अशी छिद्रं एका चौरस सेंटिमीटरमध्ये अब्जावधी असतात. ती कोण पाडतं?

खरोखर पाडलेल्या छिद्रांची मेंब्रेन्सही असतात. पॉलिकार्बोनेटच्या पातळ पापुद्र्यावर वेगवान जड आयनांचा मारा करायचा आणि त्यांच्या मार्गात दुखावलेला भाग अल्कलीने कोरून काढायचा, अशी ती पद्धत आहे. छिद्रं अगदी गोल आणि एकसारखी मिळतात. पण ती महाग पडतात, आणि फार दाट पाडली तर एकमेकांत मिसळून जातात. प्रयोगशाळेतल्या बारीक कामाला ती उत्तम. गावाला पाणी पुरवायचं असेल तर वाट वेगळी आहे. तिथे छिद्रं पाडायची नसतात. ती पडतील अशी परिस्थिती तयार करायची असते, आणि ही परिस्थिती मुख्यतः प्लॅस्टिकच्या द्रावणात मिसळलेल्या दोन-चार रसायनांनी घडवली जाते. या कामात बाहेरून सगळ्यात किरकोळ वाटणारी आणि प्रत्यक्षात सगळ्यात निर्णायक असणारी वस्तू म्हणजे हे ॲडिटिव्ह.

कृती थोडक्यात अशी. पॉलिएथरसल्फोन हे टणक, उष्णता सोसणारं प्लॅस्टिक घ्यायचं. त्याला पुढे पीईएस म्हणू. ते एनएमपी किंवा डीएमएसी अशा द्रावकात विरघळवायचं. शंभर ग्रॅम द्रावणात पीईएस साधारण १६ ते २० ग्रॅम. त्यात काही ग्रॅम पॉलिव्हिनाइल पायरोलिडोन, म्हणजे पीव्हीपी. साठ-सत्तर अंश सेल्सिअसला कित्येक तास ढवळत ठेवलं की मधासारखं घट्ट, पारदर्शक द्रावण तयार होतं. कारखान्यात आणि प्रयोगशाळेत त्याला ‘डोप’ म्हणतात. ढवळताना अडकलेले हवेचे बुडबुडे निघून जाईपर्यंत ते शांत ठेवायचं, कारण एक बुडबुडा राहिला तरी तिथे मेंब्रेनला भोक पडतं, आणि ते भोक जिवाणूला पुरेसं असतं. मग काचेवर डोप ओतून सुरीसारख्या सरळ पातीने त्याचा दोनशे मायक्रॉनच्या (एक मायक्रॉन म्हणजे हजार नॅनोमीटर) आसपास जाडीचा थर ओढायचा आणि काच पाण्यात बुडवायची.

पाण्यात गेल्यावर तो पारदर्शक थर काही क्षणांत पांढरा पडतो आणि थोड्या वेळाने काचेवरून आपणहून सुटतो. पांढरा रंग कुठून येतो? प्रकाश विखुरतील अशा असंख्य पोकळ्या आत तयार झाल्या म्हणून. मेंब्रेन तयार झालं.

त्या क्षणात काय घडतं ते नीट पाहू. एनएमपी पाण्यात कितीही मिसळतो. पीईएस पाण्यात अजिबात विरघळत नाही. थर पाण्यात गेला की एनएमपी बाहेर पळतो आणि पाणी आत शिरतं. आत थोडं पाणी गेलं की पीईएसला द्रावणात राहणं जमत नाही. दुधात लिंबू पिळल्यावर दूध फाटून चोथा आणि निवळी वेगळी व्हावी, तसं हे द्रावण फाटतं : एका बाजूला पॉलिमरने, म्हणजे लांब साखळीसारखे रेणू असलेल्या पीईएसने, भरलेला दाट भाग, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पॉलिमर नसलेला पातळ भाग. फरक इतकाच की इथे ‘चोथा’ गोळा होऊन तळाशी बसायच्या आत घट्ट होतो आणि होता त्या जागी गोठतो. दाट भागाच्या भिंती होतात. पातळ भाग जिथे होता तिथे छिद्र राहतं.

हे सगळीकडे एकाच वेगाने होत नाही, आणि मेंब्रेनचं सगळं कौशल्य याच असमानतेत आहे. वरच्या पृष्ठभागाला पाणी एकदम भिडतं. तिथून द्रावक झपाट्याने निघून जातो, पॉलिमर दाटतो आणि एक अतिशय पातळ, घट्ट साय धरते. तिची जाडी बहुधा एक मायक्रॉनपेक्षा कमी असते. गाळण्याचं खरं काम ही सायच करते. तिच्याखाली पाणी सावकाश पोहोचतं, त्यामुळे तिथे छिद्रं मोठी होत जातात. खालचा शंभर-दीडशे मायक्रॉनचा भाग फक्त आधार देतो आणि पाण्याला मोकळी वाट देतो. एकच पदार्थ, एकच डुबकी, आणि वर-खाली दोन वेगळ्या रचना. अशा मेंब्रेनला असममित मेंब्रेन म्हणतात.

आता ॲडिटिव्हबद्दलचा एक समज, जो मला पाठ्यपुस्तकांतही भेटतो : ॲडिटिव्ह द्रावणात जागा अडवून बसतं, पाण्यात धुऊन निघतं आणि त्याच्या जागी छिद्र राहतं, म्हणजे जितकं ॲडिटिव्ह जास्त तितकी छिद्रं जास्त. काही पद्धतींत हे खरंच असं चालतं. प्लॅस्टिकमध्ये सिलिकाची पूड मिसळून ती नंतर कॉस्टिक सोड्याने विरघळवली, तर पुडीच्या कणाएवढी जागा मोकळी होते. पण पाण्यात बुडवून बनवलेल्या मेंब्रेनमध्ये हिशोब वेगळा आहे. डोपमध्ये १८ टक्के पीईएस असेल तर उरलेलं ८२ टक्के, मग ते एनएमपी असो, पीव्हीपी असो की आणखी काही, शेवटी बहुतांश बाहेर जाणारच आहे. थर थोडा आकसतो, तरी मेंब्रेनचा सुमारे तीन चतुर्थांश भाग रिकामा राहणार हे पॉलिमरच्या प्रमाणानेच जवळजवळ ठरवून टाकलेलं असतं. ॲडिटिव्ह रिकामी जागा निर्माण करत नाही, त्या जागेची वाटणी करतं. ती थोड्या मोठ्या पोकळ्यांत जाईल की असंख्य बारीक छिद्रांत, वर किती आणि खाली किती, आणि मुख्य म्हणजे ती छिद्रं एकमेकांना जोडलेली असतील की बंद कोठड्यांसारखी सुटी राहतील, हे सगळं ॲडिटिव्हवर अवलंबून असतं.

बंद कोठड्यांचं मेंब्रेन वजनाला हलकं भरतं, सूक्ष्मदर्शकाखाली सुंदर दिसतं, आणि त्यातून पाणी जवळजवळ जात नाही.

एका मिठाने केलेली क्रांती

ॲडिटिव्हचं महत्त्व जगाला कळलं ते समुद्राचं पाणी गोडं करण्याच्या खटपटीतून. १९५० च्या दशकात फ्लोरिडा विद्यापीठात रीड आणि ब्रेटन यांनी दाखवून दिलं होतं की सेल्युलोज ॲसिटेटचा पापुद्रा मीठ अडवतो आणि पाणी जाऊ देतो. अडचण एकच : पाणी इतकं हळू जायचं की उपयोग शून्य. पापुद्रा पातळ केला की पाण्याचा वेग वाढणार, पण तो दाबाखाली फाटणार.

त्याच दशकाच्या अखेरीस लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि मूळचे भारतीय श्रीनिवास सौरिराजन या प्रश्नावर काम करत होते. बाजारात मिळणारं सेल्युलोज ॲसिटेटचं गाळणमेंब्रेन त्यांनी पाण्यात तापवून वापरून पाहिलं. निकाल विचित्र आले. तेच मेंब्रेन कधी मीठ अडवायचं, कधी नाही. शेवटी लक्षात आलं की मेंब्रेनची कोणती बाजू खाऱ्या पाण्याकडे ठेवली यावर सगळं अवलंबून आहे. वरून सारख्या दिसणाऱ्या त्या कागदाच्या दोन बाजू आतून वेगळ्या होत्या. माझ्या मते मेंब्रेनच्या इतिहासातलं हे सगळ्यात मोलाचं निरीक्षण आहे. बिघडलेला प्रयोग म्हणून ते सहज टाकून देता आलं असतं.

मग त्यांनी असं मेंब्रेन स्वतः बनवायचं ठरवलं. इथे फ्रान्समधलं १९३६ सालचं डॉब्री यांचं काम उपयोगी पडलं : मॅग्नेशियम परक्लोरेट या क्षाराच्या पाण्यातल्या द्रावणात सेल्युलोज ॲसिटेट विरघळतं, हे त्यांनी दाखवलेलं होतं. लोब आणि सौरिराजन यांच्या गाजलेल्या मिश्रणात सेल्युलोज ॲसिटेट सुमारे २२ टक्के, ॲसिटोन ६७ टक्के, पाणी १० टक्के आणि हा क्षार फक्त १.१ टक्का होता. मिश्रण गोठणबिंदूखालच्या तापमानाला काचेवर ओढायचं, थोडा ॲसिटोन उडू द्यायचा, बर्फाच्या पाण्यात बुडवायचं आणि शेवटी गरम पाण्यात शेकायचं. वरचा ॲसिटोन उडाल्याने पातळ साय धरायची. ॲसिटोन उडत असतानाही क्षार आतलं पाणी धरून ठेवायचा, म्हणून खालचा भाग फुगलेला आणि सच्छिद्र राहायचा. मीठ तितकंच अडलं, पण पाणी आधीच्या पापुद्र्यांच्या दहापटीहून जास्त वेगाने येऊ लागलं.

थोड्याच वर्षांत याच विद्यापीठातल्या मानजिकियान आणि सहकाऱ्यांनी परक्लोरेटच्या जागी फॉर्मामाइड हा द्रव वापरला आणि तेच काम साध्या खोलीच्या तापमानाला करता येऊ लागलं. पॉलिमर तोच, द्रावकही तोच. ॲडिटिव्ह बदललं आणि बर्फाची गरज संपली.

१९६५ साली कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या छोट्या गावात लोब यांच्या नळीच्या आकाराच्या मेंब्रेनवर रोज सुमारे ५००० गॅलन, म्हणजे १९००० लीटर पाणी गोडं करणारा संयंत्र सुरू झाला. या गावाच्या भूजलात क्षार इतके होते की एके काळी पिण्याचं पाणी रेल्वेने आणावं लागे. आज आपल्याकडे कोपऱ्याकोपऱ्यावर दिसणाऱ्या आरओच्या मेंब्रेनची घडण बदलली आहे, त्यातली मीठ अडवणारी साय आता वेगळ्या पॉलिमरची असते आणि वेगळ्या पद्धतीने चढवली जाते. पण ती चढवतात पॉलिसल्फोनच्या सच्छिद्र थरावर, आणि तो थर आजही डोप ओढून पाण्यात बुडवूनच बनतो.

पीव्हीपी : एकाच वेळी दोन ओढी

पुन्हा पीईएस आणि पीव्हीपीकडे येऊ, कारण आजच्या यूएफ मेंब्रेनचा मोठा हिस्सा या किंवा अशाच जोडीवर चालतो.

पीव्हीपी पाण्यात विरघळतं, एनएमपीमध्ये विरघळतं आणि पीईएसबरोबरही गुण्यागोविंदाने राहतं. ते डोपमध्ये घातलं की दोन गोष्टी होतात आणि त्या एकमेकींविरुद्ध ओढतात. पहिली : द्रावण फाटण्याच्या उंबरठ्याजवळ येतं. आधी जितकं पाणी सोसत होतं तितकं आता सोसत नाही, म्हणून पाण्यात बुडवताच ते अधिक झटपट फाटतं. झटपट फाटणाऱ्या द्रावणात सायीखाली बोटांसारख्या लांबट पोकळ्या तयार होण्याकडे कल असतो. पातळ भागाचा एखादा थेंब तयार झाला की आजूबाजूचा द्रावक त्यात धावतो, आणि भिंत गोठेपर्यंत तो थेंब खाली खाली लांबत जातो.

दुसरी गोष्ट : डोप घट्ट होतं. घट्ट द्रावणात पाणी आणि एनएमपी दोघांचीही ये-जा मंदावते, आणि मंदावली की त्या लांबट पोकळ्या वाढायच्या आधीच गोठतात किंवा तयारच होत नाहीत. त्यांच्या जागी बारीक, सगळीकडे सारखी, स्पंजासारखी रचना येते.

मग जिंकतं कोण? ते प्रमाणावर ठरतं. पीव्हीपी थोडं असताना सहसा पहिली ओढ भारी पडते : पोकळ्या मोठ्या, पाणी वेगाने. पीव्हीपी वाढवत गेलं की एका टप्प्यानंतर घट्टपणा बाजी मारतो, पोकळ्या दबतात आणि पाण्याचा वेग उलट कमीही होऊ शकतो. म्हणून ‘ॲडिटिव्ह वाढवा, वेग वाढेल’ हे अर्धं सत्य आहे. मेंब्रेनवरचे निबंध वाचताना मी सगळ्यात आधी तो आलेख शोधते ज्यात प्रमाण वाढवत नेल्यावर वेग आधी चढतो आणि मग उतरतो. तो उतार दाखवलेलाच नसेल तर प्रयोग पुरेसा लांब नेलेला नाही असं मला वाटतं.

साखळीची लांबीही तितकीच महत्त्वाची. पीव्हीपी बाजारात के-१५, के-३०, के-९० अशा नावांनी मिळतं. आकडा जितका मोठा तितकी साखळी लांब. के-३० चं रेणूवजन काही दहा हजारांत मोजतात, के-९० चं कित्येक लाखांत. आखूड साखळ्या धुण्याच्या पाण्याबरोबर बऱ्याच निघून जातात. लांब साखळ्या पीईएसच्या साखळ्यांत गुंततात. द्रावण फाटतं तो काळ फार थोडा असतो. पाणी आणि एनएमपीचे छोटे रेणू तेवढ्यात आपली जागा बदलतात. दोन लांब साखळ्यांना एकमेकींपासून पूर्ण सुटायला तेवढा वेळ पुरत नाही. म्हणून भिंत गोठते तेव्हा काही पीव्हीपी तिच्यातच अडकून राहतं. नव्वदच्या दशकात नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात या दोन वेगवेगळ्या गतींचा फार बारकाईने अभ्यास झाला, आणि पीव्हीपीमुळे छिद्रं एकमेकांना जोडलेली का राहतात याचा उलगडा बराचसा त्यातून झाला.

अडकलेलं पीव्हीपी हा दोष नाही. पीईएस आणि पॉलिसल्फोन ही प्लॅस्टिकं पाण्याला फारशी जवळ करत नाहीत. अशा पृष्ठभागावर प्रथिनं, तेलकट पदार्थ आणि जिवाणूंचा चिकटा पटकन बसतो. छिद्राच्या भिंतीवर पाणी धरून ठेवणारं पीव्हीपी असेल तर हा थर बसणं कमी होतं.

याचं सगळ्यात नाजूक उदाहरण डायलिसिसच्या यंत्रात आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्या रुग्णाचं रक्त ज्या नळकांड्यातून फिरतं, त्यात दहा हजारांच्या आसपास पोकळ तंतू असतात. प्रत्येकाचा आतला व्यास सुमारे २०० मायक्रॉन, भिंत ३० ते ४५ मायक्रॉन. बहुतेक तंतू पॉलिसल्फोन किंवा पीईएस आणि पीव्हीपीचे असतात. डोप एका कंकणाकृती फटीतून बाहेर येतं आणि त्याच वेळी मधल्या सुईतून पाणी आणि द्रावकाचं मिश्रण सोडतात, म्हणजे गाळणारी साय तंतूच्या आतल्या बाजूला धरते, जिथून रक्त वाहणार असतं. काम असं करायचं : ६० रेणूवजनाचा युरिया बाहेर काढायचा, ११८०० वजनाचं बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन शक्य तितकं काढायचं, पण ६६००० वजनाचं अल्ब्युमिन हे प्रथिन रक्तातच ठेवायचं. आणि हे करताना रक्तातली प्रथिनं भिंतीला चिकटता कामा नयेत. पीव्हीपीशिवाय ही शेवटची अट पाळणं फार कठीण आहे.

पण किती पीव्हीपी ठेवायचं? जास्त राहिलं तर ते फुगून छिद्रं अरुंद करतं. म्हणून काही उत्पादक मेंब्रेन सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात ठेवतात. हायपोक्लोराइट पीव्हीपीच्या साखळ्या तोडतो, तुकडे धुऊन जातात, पाण्याचा वेग वाढतो. हेच रसायन पुढे त्रासही देतं. पाणी शुद्धीकरण केंद्रात मळलेली मेंब्रेन्स धुवायला हायपोक्लोराइटच वापरतात. प्रत्येक धुण्यात थोडं थोडं पीव्हीपी तुटून जातं. सुरुवातीला मेंब्रेन सुधारल्यासारखं वाटतं, कारण वेग वाढलेला असतो. पुढे ते अधिकाधिक लवकर मळू लागतं, कारण पाण्याला जवळ करणारं जे काही होतं ते निघून गेलेलं असतं. मेंब्रेन म्हातारं होण्याचं हे एक मोठं कारण, आणि त्याचं मूळ बनवतानाच्या ॲडिटिव्हमध्ये आहे.

बाकीची ॲडिटिव्ह्ज थोडक्यात. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, म्हणजे पीईजी, दोनशे-चारशे रेणूवजनाच्या पातळ द्रवापासून हजारोंच्या मेणचट घनापर्यंत मिळतं. साखळी लांब घेतली की साधारणपणे छिद्रं मोठी होतात. पीव्हीपीपेक्षा ते सहज धुऊन निघतं. लिथियम क्लोराइड हे मीठ पीव्हीडीएफ या पॉलिमरच्या डोपमध्ये फार वापरतात. लिथियमचा आयन द्रावकाच्या रेणूंना घट्ट धरून बसतो, त्यामुळे पॉलिमरसाठी मोकळा द्रावक कमी उरतो आणि डोप घट्ट होतं. इथेही पीव्हीपीसारखीच ओढाताण, थोड्याने एक परिणाम, जास्तने दुसरा. डोपमध्ये आधीच थोडं पाणी किंवा ग्लिसरीन घालणं हा तर सगळ्यात जुना आणि स्वस्त उपाय.

टायटॅनियम डायऑक्साइड, चांदी, ग्राफिन ऑक्साइड यांचे नॅनोकण घातलेल्या मेंब्रेनवर गेल्या काही वर्षांत निबंधांचा पूर आला आहे. त्यातले काही उत्तम आहेत. पण कण डोपमध्ये एकत्र गोळा होतात, आणि चांदी हळूहळू पाण्यात उतरत जाते. पिण्याच्या पाण्यासाठी वापरायचं असेल तर ‘वेग किती वाढला’ याआधी ‘कण किती दिवस भिंतीत टिकले आणि पाण्यात किती उतरले’ हा आकडा बघायला हवा, असं माझं ठाम मत आहे.

मेंब्रेन बनलं तरी ग्लिसरीनचं एक काम उरतं, आणि ते तुमच्या स्वयंपाकघरापर्यंत येतं. ओलं मेंब्रेन तसंच वाळवलं तर छिद्रातलं पाणी आटताना भिंतींना आत ओढतं. २० नॅनोमीटर रुंद छिद्रात पाण्याच्या पृष्ठताणामुळे येणारी ओढ हिशोबाने सुमारे १४० वातावरणांच्या दाबाइतकी भरते. इतक्या ओढीने बारीक छिद्रं मिटतात, आणि पीईएससारख्या मेंब्रेनला पुन्हा नुसतं पाण्यात टाकून ती पूर्ववत उघडत नाहीत. म्हणून वाळवण्याआधी मेंब्रेन ग्लिसरीनच्या द्रावणात भिजवतात. ग्लिसरीन उडत नाही, छिद्रात बसून राहतं आणि भिंती सावरून धरतं. नवीन यूएफ बसवल्यावर सुरुवातीचं पाणी सोडून द्यायला सांगतात त्यामागे बऱ्याचदा हेही एक कारण असतं. ती सूचना जरूर पाळावी.

छिद्राच्या आकाराबाबत इतकी काटेकोर धडपड का, हे एका गणिताने कळतं. बारीक छिद्रातून वाहणारं पाणी त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतं. त्रिज्या दुप्पट झाली की त्या एका छिद्रातून १६ पट पाणी जातं. याचा अर्थ, हजार चांगल्या छिद्रांत चार-दोन वाजवीपेक्षा मोठी असतील तर पाण्याचा अवाजवी मोठा वाटा त्या चार-दोनमधूनच जातो, आणि जंतूही त्यांच्यातूनच जातात. सरासरी आकार कितीही चांगला असला तरी तो फसवू शकतो. म्हणून मेंब्रेनची परीक्षा फक्त सूक्ष्मदर्शकाने करत नाहीत. ठरावीक रेणूवजनाचे पीईजी, डेक्स्ट्रान किंवा अल्ब्युमिन पाण्यात घालून कोणत्या वजनाचे ९० टक्के रेणू अडतात ते मोजतात, आणि ओल्या मेंब्रेनवर हवेचा दाब वाढवत नेऊन पहिला बुडबुडा कधी फुटतो ते बघतात. पहिला बुडबुडा सगळ्यात मोठ्या छिद्रातून येतो. प्युरिफायरच्या खोक्यावर ‘०.०१ मायक्रॉन’ असं छापलेलं असतं, तेव्हा तो आकडा सरासरीचा आहे की सगळ्यात मोठ्या छिद्राचा, हे विचारण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

हे ज्ञान आपल्याकडेही रुजलेलं आहे. मुंबईत ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पॉलिसल्फोनच्या यूएफ मेंब्रेनवर विजेशिवाय चालणारं घरगुती गाळणयंत्र विकसित केलं आणि ते तंत्र खासगी उत्पादकांना दिलं. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत पॉलिॲक्रिलोनायट्राइलच्या यूएफ मेंब्रेनवर काम झालं, आणि भावनगरच्या केंद्रीय मीठ व समुद्री रसायन संशोधन संस्थेत आरओ मेंब्रेनवर. पूर आल्यावर विहिरी गढूळ होतात आणि वीजही गेलेली असते, तेव्हा नुसत्या पाण्याच्या दाबावर जंतू अडवणारं मेंब्रेन किती मोलाचं असतं हे वेगळं सांगायला नको.

या सगळ्याची एक बाजू मात्र अजून सुटलेली नाही, आणि ती मला बेचैन करते. शंभर ग्रॅम डोपमध्ये १८ ग्रॅम पीईएस, ८ ग्रॅम पीव्हीपी आणि ७४ ग्रॅम एनएमपी धरा. मेंब्रेनमध्ये राहतं ते पीईएस आणि थोडंसं पीव्हीपी. बाकी सगळं, म्हणजे ओतलेल्या मालाचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग, धुण्याच्या पाण्यात जातो. पाणी शुद्ध करणारी वस्तू बनवताना आधी पाणीच दूषित होतं. एनएमपी, डीएमएफ आणि डीएमएसी हे तिन्ही द्रावक गर्भाला अपाय करू शकणारे मानले जातात. युरोपीय संघाने एनएमपीच्या वापरावर २०२० पासून कामगारांच्या संपर्काच्या कडक मर्यादा घातल्या आहेत. मोठे कारखाने हे पाणी ऊर्ध्वपातनाने वेगळं करून द्रावक परत मिळवतात. पण पाणी भरपूर आणि द्रावक थोडा असेल तर त्यात खूप ऊर्जा जाते, आणि पाण्यात उतरलेलं पीव्हीपी हे काम आणखी किचकट करतं.

म्हणून आता कमी घातक द्रावकांचा शोध चालू आहे : डायमिथाइल सल्फॉक्साइड, गॅमा-व्हॅलेरोलॅक्टोन, सेल्युलोजपासून बनवलेला सायरिन. सायरिनमध्ये पीईएस विरघळतं आणि त्यापासून मेंब्रेनही बनवून झालेली आहेत. पण जुन्या कृतीत फक्त एनएमपी काढून सायरिन ओतला आणि काम झालं, असं होत नाही. सायरिन मुळातच एनएमपीपेक्षा कितीतरी घट्ट आहे. त्यात पीव्हीपी पूर्वीइतकंच घातलं तर घट्टपणाची ओढ आधीच जिंकलेली असते. पाण्याची ये-जा मंदावते आणि रचना स्पंजासारखी होते. द्रावक बदलला की पीव्हीपी किती, कोणत्या लांबीचं, की त्याऐवजी पीईजी, पाण्याचं तापमान किती, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून ठरवावं लागतं. गेल्या साठ वर्षांत एनएमपी आणि त्याच्या भावंडांसाठी जी प्रमाणं हळूहळू बसत गेली, ती आता प्रत्येक नव्या द्रावकासाठी नव्याने बसवण्याचं काम अनेक प्रयोगशाळांमध्ये चालू आहे.